कोंबांची जागा

कोरियातल्या जेजू बेटावर श्राद्धाच्या भाजीला लागणारे नेच्याचे कोवळे कोंब नेमके कुठे फुटतात, हे बायका सुनेलाही सांगत नाहीत. गुडघे गेले तेव्हा कुठे सासूनं ह्येरानला आपली डोंगरातली जागा दाखवली.

“हातानं सहज मोडतील तेवढेच घे, मुळं हलवू नकोस. आणि त्या रचलेल्या दगडांच्या रिंगणातले नको.”

“आई, जाडजूड तर तिथंच आहेत. मामंजींच्या श्राद्धालाही हात आखडता घ्यायचा का?” ह्येरान हसली.

“थडग्यावरचे श्राद्धाला चालत नाहीत, पोरी.”

“इथं कुणाचं थडगं?”

सासू हातातल्या कोंबांची माती झटकत राहिली. “सव्वा वर्षाची होती. नुकती चालायला लागली होती.”



ह्येरानचा नवरा आजवर स्वतःला आईचं पहिलं मूल समजत होता.