उरलेल्या रोस्टचा मीट-पाय

सेसिलियाबाईंच्या बीफ रोस्टची वसईभर ख्याती होती. पसरवली त्यांनीच होती. रविवारी पाहुणे त्याची तोंडभर स्तुती करत आणि पुलावाकडे वळत. सोमवारी सून ज्युडीत उरलेलं ते चामडं बारीक चिरून मीट-पायच्या खुसखुशीत पारीत दडवी. मीट-पाय फस्त होई, श्रेय सासू घेई.

या सोमवारी फादर जेवायला होते. ज्युडीतने रोस्ट कुत्र्याला घातला. त्याने तो हुंगला आणि शेजाऱ्यांकडे राहायला गेला. मीट-पायमध्ये तिने नुसता बटाटा भरला. फादर मांस शोधतील, सासूच्या रोस्टचं बिंग फुटेल आणि नाताळचा रोस्ट करणं आपल्या हाती येईल, अशी तिला खात्री होती.

“फादर, कसा वाटला आमचा रोस्ट?” सेसिलियाबाईंनी विचारलं.

फादरनी मीट-पायचा दुसरा तुकडा घेतला. “इतका मऊ, की दाताखाली लागतच नाही.”

“ऐकलंस, ज्युडीत?” सासू म्हणाली. “नाताळला दुप्पट करते.”