अखेर भाव उतरला

औषधांच्या दुकानात फळीवरच्या छोट्या पडद्यावर दम्याच्या पंपाची किंमत चार हजारांवर गेली. घरी केळुसकरांच्या पत्नीच्या, सुलभाच्या मनगटावरचा पट्टा तिचा श्वास मोजत होता, आणि जितकी गरज तितका भाव, हा आता सगळ्याच दुकानांचा नियम होता.

केळुसकरांच्या खिशात नऊशे रुपये होते.

"वैदेही, थोडं कमी कर गं."

"माझ्या हातात काय आहे, आजोबा? पट्टा सांगतो, पडदा दाखवतो."

केळुसकरांना मासळीबाजार आठवला. सुलभा भाव ऐकून खुशाल पाठ फिरवायची आणि चार पावलांत कोळीण हाक मारायची. त्यांना ते जन्मात जमलं नव्हतं. आज मात्र ते मान ताठ करून म्हणाले, "राहू दे, नको आम्हाला!" आणि दाराकडे चालू लागले.

मागे टिक असा आवाज झाला. त्यांनी वळून पाहिलं. चाळीस रुपये!

"बघितलंस? जमलं की मला!" त्यांनी घाईघाईने पंप उचलला. "आता सुलभाला सांगतो, हसेल ती."

वैदेहीने पैसे घेतले नाहीत. गरज संपली की भाव असाच एकदम पडतो, हे तिला ठाऊक होतं.