थोरल्या दिराचं नाव

"खाणीत तुमचा नवरा कोणत्या नावानं कामाला होता, एवढंच सांगा, आई," केनेइल्वे म्हणाली. सरकारी फंडाची ही पोरगी जोहान्सबर्गहून आली होती. लेसोथोत माफेतेंगच्या शाळेत टेबल मांडून जुन्या खाणकामगारांचे छातीच्या रोगाचे दावे मिटवत होती.

मापासेकानं नुसती अंगावरची घोंगडी सावरली.

तिचा नवरा लेबुसा बाहेर बाकावर खोकत होता. तरुणपणी खाणीचं बोलावणं खरं त्याच्या थोरल्या भावाला आलेलं. भाऊ अंथरुणाला खिळला, तेव्हा हाच त्याच्या कागदावर गेला. नाव विचारतंय कोण? छाती बघायचे आणि खाली सोडायचे. आता ती छाती धुळीनं कामातून गेली, भरपाई मात्र भावाच्या नावावर, आणि भाऊ केव्हाच मातीत. त्यात मेलेल्यांची नावं पढवून माणसं आणणारे दलाल बोकाळलेले. म्हणून नवऱ्याला बाहेर बसवून बायकोला वेगळं विचारायचं. दोघांचं जुळलं तर दावा मिटला. नाही तर म्हाताऱ्यानं औषधावाचून खोकत बसायचं.

"दलालानं पढवलेलं विसरलात की काय?"

"दलाल कसला! माझे थोरले दीर ते."

"मग नाव सांगा ना."

"दिराचं नाव घेतात का कुठं, बाई? ते गेले तेव्हा रडतानासुद्धा घेतलं नाही मी."

मागं रांगेत एकजण फिदीफिदी हसला. "घे की आजी. दीर काय उठून येतोय?"

"तुझ्या बायकोला सांग आधी, तुझ्या बापाचं नाव घ्यायला," मापासेका म्हणाली.

केनेइल्वेनं पेन खाली ठेवलं. तीही कुणाच्या तरी घरची सून होती. मग कागद पुढं ओढून सावकाश एकेक नाव घ्यायला लागली.

"मोहापी."

म्हातारी नुसती बघत राहिली.

"सेलोमो."

काही नाही.

"खेथिसा."

मापासेकाचा हात आपोआप वर गेला. घोंगडी डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढून ती मान खाली घालून बसली.

लेबुसाच्या कागदावरही तेच नाव होतं. केनेइल्वेनं शिक्का मारला. "हे कुठल्या दलालाला शिकवता यायचं नाही," ती म्हणाली. "झालं, आई. दावा मिटला. न्या बाबांना घरी."

बाहेर बायकोचा चेहरा बघूनच लेबुसाचा जीव भांड्यात पडला. तरी डोक्यावरची घोंगडी बघून कुरकुरलाच. "इकडं माझा जीव टांगणीला. एकदा तोंडातून काढून टाकायचं होतंस. काय बिघडलं असतं?"

"तुम्ही ते नाव खाणीत नेऊन पार झिजवलंत," मापासेका म्हणाली. घोंगडी अजून डोक्यावरच होती. "मी कधी उष्टं केलं नाही, म्हणून तर आज उपयोगी पडलं."