तीन तासांचं काम

"सर, तिसऱ्या नळीत किती घालायचं? परत सांगता का?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. वर अंतराळस्थानकात तरंगणारी ही बाई त्यांची सख्खी मुलगी होती आणि एकच गोष्ट चौथ्यांदा विचारत होती. "दहा मायक्रोलिटर," ते म्हणाले.

स्थानकाच्या भिंती पुसून जंतू गोळा करायचे, त्यांचा डीएनए सुटा करून धुवायचा आणि वाचनयंत्रात भरायचा, एवढंच काम. दर मंगळवारी मास्तर खालून एकेक पायरी सांगत आणि तिला चांगले तीन तास लागत. अख्ख्या प्रयोगशाळेला पिपेट धरायला शिकवलेल्या माणसाची पोर इतकी धांदरट! दिव्याखाली अंधार, असं लोक चिडवायचे. मास्तरही हसायचे, मनाला मात्र लागायचं.

तरी मंगळवार त्यांना हवाहवासा वाटे. ती वर जायला निघाली तेव्हा त्यांनी अबोला धरला होता. रविवारी ती घरी फोन करी, तेव्हा आईच बोलायची. मास्तर बागेत जाऊन बसत. मंगळवारी मात्र बोलावंच लागे.

आता तेही संपणार होतं. ती वर नळी भरत होती तेवढ्यात खाली मास्तरांकडे इंजिनिअर बाई कागद घेऊन आल्या. हे सगळं काम आपलं आपण करणारं यंत्र वर पोचलं होतं, चाचणीत उतरलंही होतं. मास्तरांनी सही केली की पुढच्या मंगळवारपासून तेच कामाला लागणार.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. कुठेतरी खोट निघावी असं फार वाटलं, पण खोट नव्हती. त्यांनी सही केली आणि माइक बंद केला.

"बरं झालं," ते म्हणाले. "तिच्या हातून हे होत नव्हतंच."

"काहीतरीच काय, मास्तर!" बाई म्हणाल्या. "यंत्राला शिकवलंय ते तिच्याच हातांवरून. शुक्रवारी तुम्ही नसता तेव्हा ती एकटीच करते, त्याचे व्हिडिओ आहेत. पाऊण तासात उरकते. कोणाला एक शब्द विचारत नाही."

मास्तरांचे डोळे भरून आले. मग त्यांनी माइकचं बटण दाबलं.

"ऐक, पुढच्या वेळेपासून यंत्र करेल हे. तू रविवारी घरी फोन कर," ते म्हणाले. "मी उचलतो."