तीन बाटल्यांचा फोन

तिन्ही बाटल्यांची लेबलं फोनकडे वळवून परसराम ताटावर बसला. रोहूचा रस्सा, भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, अंबाडीची चटणी. समोर काचेचे तीन ग्लास, तिन्ही लालभडक, अगोदरच भरून ठेवलेले. माणूस एकटा, पण थाट पंगतीचा.

जुनं गाव धरणात गेलं आणि नव्या गावठाणात शेजारपाजार विखुरला. दोन वर्षांमागे बायकोही गेली. जाताना पंचफुलाने त्याचा हात धरून एक शब्द घेतला होता. मुलगी दीपमाला तेव्हा वाटेवर, गाडीत होती. तेव्हापासून संध्याकाळ झाली की घर त्याला खायला उठायचं.

आज दुपारी शेजारच्या शकुनबाईने कुंपणावरून विचारलं होतं, अंबाडी पुन्हा काहून ओरबाडली? चटणीसाठी, असं त्याने सांगितलं. एकट्या माणसाले किती चटणी लागते, असं पुटपुटत ती आत गेली.

दीपमाला नाशिककडे वाईनच्या कारखान्यात कामाला होती. आधी तिचा रविवारचा फोन दोन मिनिटांत आटपायचा. जेवले का, गोळी घेतली का, ठेवते. मग एकदा तिने विचारलं, आपल्याकडच्या जेवणासोबत कोणती वाईन जमते ते चाखून सांगाल का, कंपनीला पाहिजे आहे. जुन्या गावात परसरामच्या जिभेचा दबदबा होता. मोहाची दारू नुसती हुंगून तो भट्टी कोणाची ते सांगायचा. त्यापायी पंचफुला जन्मभर भांडली. आता भांडायलाही कोणी नव्हतं. तो लगेच हो म्हणाला. तेव्हापासून ट्रॅव्हल्सने खोकं यायचं आणि रविवारचा फोन तासभर चालायचा. त्या एका तासावर त्याचा आठवडा निघायचा.

सात वाजता फोन वाजला. दीपमालाच्याही हातात ताट होतं.

पहिल्या ग्लासातला घोट घेऊन त्याने डोळे मिटले. ही आंबट, म्हणाला, माशाचा वास दाबते. दुसरी जांभळासारखी तुरट, वड्यासोबत बरी. मध्येच जुन्या घाटावरच्या गोष्टी निघाल्या, कोणाच्या तरी लग्नातली फजिती निघाली, आणि रस्सा निवून गेला. तिसरा घोट त्याने जिभेवर घोळवला.

“ही खरी,” तो म्हणाला. “तिखटाले धरून राहते. तिन्हीत हीच नंबर एक.”

दीपमालाने मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. हसते की रडते, त्याला कळेना.

“बाबा, रागावू नका. तिन्ही बाटल्यांत एकच वाईन आहे. लेबलं मीच वेगवेगळी लावली.”

परसरामचा घास हातातच राहिला. “काहून?”

“कंपनीले काहीच नाही पायजे, बाबा. पहिल्यापासूनच नव्हतं पायजे. एका बाटलीत तुमचं बोलणं वीस मिनिटांत सरते. मले बी इथं रूमवर एकटीनं जेवण जात नाही.”

दोन वर्षं एकटे आपणच आहोत, असं तो धरून चालला होता. त्याने विचारलं, तुझ्या भाजीत मीठ बरोबर पडलं का? त्यावरून फोन आणखी अर्धा तास चालला. ठेवताना तो म्हणाला, “येत्या रविवारी चार पाठव, माय. जीभ अजून शाबूत आहे माही.”

मग त्याने ताट घासलं, तिन्ही ग्लास विसळले आणि पातेल्यात उरलेलं अंबाडीचं लालभडक सरबत झाकून ठेवलं. पंचफुलाची पत्र्याची पेटी उघडली, आणि सील न मोडलेल्या त्या तिन्ही बाटल्या तिच्या लुगड्यांखाली, आधीच्या बाटल्यांशेजारी नीट निजवल्या.