दांडिया बाजार ते मांजलपूर

"बे दिवसथी पार्सल फेरवो छो, ने घरे आववानुं नाम नथी लेता!"

सोसायटीच्या फाटकाबाहेर, खोदलेल्या रस्त्याच्या अलीकडे उभी राहून अस्मिता पलीकडच्या कुरियरवाल्यावर गुजरातीत ओरडत होती. कडेवर ध्रुव. दीड वर्षाचा, सकाळपासून रडून रडून आवाज बसलेला. निवडणुकीआधी गुळगुळीत केलेला रस्ता निवडणुकीनंतर गटाराच्या पाइपासाठी फोडला होता, आणि पाइप काही अजून आले नव्हते.

"आपणा टॅक्सना पैसा छे, बेन," शेजारच्या लीलाबेन भाजीची पिशवी सावरत म्हणाल्या. "खोदे ने पूरे, पूरे ने खोदे. आपणे जोया करवानुं."

कुरियरवाल्याने मोटरसायकल तिकडेच उभी केली आणि चरावर टाकलेल्या फळीवरून तो तोल सांभाळत अलीकडे आला. हातात खाकी कागदातलं मुठीएवढं पार्सल. सुतळी दोनदा आडवी, दोनदा उभी. गाठ पाहूनच अस्मिताला कळलं, कुणाची.

"आ तो गामनुं गाममां छे," तो हसला; एवढ्यात तर माणूस स्वतःच येऊन जाईल, म्हणाला. "दांडिया बाजारथी मांजलपूर! आटलामां तो माणस जाते आवी जाय."

ध्रुवच्या आजोबांची चौकशी करत लीलाबेन लगेच जवळ आल्या. "दादाए मोकल्युं? हमणां देखाता ज नथी. रोज अगियार वागे एमनी स्कूटर आवती. ध्रुवने आगळ ऊभो राखीने आंटो मरावता."

"पेट्रोल केवढुं मोंघुं थई गयुं!" अस्मिता म्हणाली. "मी... में ज ना पाडी."

हे खरंच होतं. गेल्या महिन्यात भाव पुन्हा वाढले, त्या दिवशी चहाचा कप सासऱ्यांपुढे ठेवताना ती अगदी मायेने म्हणाली होती, "बाबा, पेट्रोल कुठल्या कुठे गेलंय. कशाला रोज एवढ्या लांब येता? काही द्यायचं असलं तर कुरियरने पाठवत जा." ते "बरं" म्हणाले होते. चहा पूर्ण संपवून, कपबशी स्वतः मोरीत ठेवून गेले होते. नंतर आले नाहीत.

लीलाबेन ऐकताहेत म्हणून असेल, नाहीतर बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून, ती पुन्हा कुरियरवाल्याकडे वळली. "ने गामनुं गाममां छे, तो बे दिवस केम लगाड्या? मी कंप्लेंट करणार. ऑफिसचा नंबर द्या."

त्याचं हसू गेलं.

"बेन, हुं बेउ दिवस आव्यो'तो. तमारा दरवाजा सुधी. पण काकाए खास कह्युं'तुं, अगियारथी चार घंटडी नहीं मारवानी. वहूने ऊंघ नथी मळती, छोकरो सूवे त्यारे ज ए सूवे छे. ने मारो आ बाजूनो टाइम ज बपोरनो. आजे फोन कर्यो, ते पण बीतां बीतां."

अकरा ते चार घंटी वाजवायची नाही, सुनेला झोप मिळत नाही.

हे अस्मिताने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. अकरा वाजता स्कूटर फाटकाशी थांबली की ती उठून बसायची, केस सारखे करायची, हसून दार उघडायची. मग आजोबा-नातवाचा खेळ संपेपर्यंत समोरच्या खुर्चीत ताठ बसून राहायची. डोळे मिटताहेत हे दिसू नये म्हणून मधूनच "हो ना, बाबा" म्हणायची.

लीलाबेन एकाएकी पिशवीतली भेंडी नीट लावू लागल्या.

"नंबर लखी आपुं?" कुरियरवाल्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. तो फळीवरून पलीकडे पोचेपर्यंत तिला मान वर करता आली नाही.

घरी येऊन तिने दाताने सुतळी तोडली. आत जुन्या धोतराचा तुकडा, आणि त्यात स्कूटरची किल्ली. पितळी बिल्ल्याची. एकच होती ती. मागे एकदा ध्रुवने ती तांदळाच्या डब्यात टाकली, तर दुसरी किल्लीच नाही म्हणून सगळ्यांनी संध्याकाळभर घर उलटंपालटं केलं होतं. चार दिवसांपूर्वी फोनवर ती बाबांना सहज म्हणाली होती, "किल्ली पाहिजे म्हणून रडतो हो सारखा."

ध्रुवने झडप घालून किल्ली घेतली. बिल्ला तोंडात घातला, काढला. "ढुर्र," म्हणाला.

घड्याळात अडीच वाजले होते. तिने फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"अगं, या वेळेला? झोपली नाहीस?"

"बाबा, किल्ली मिळाली."

"मिळाली? छान झालं. घंटी वाजवून उठवलं नाही ना त्याने?"

"नाही." तिला उद्या या, एवढंच म्हणायचं होतं. सकाळी नऊला या, चारला या, मी झोपलेली असले तरी या. पण मग ते पेट्रोलचं काय म्हणायचं? "बाबा, आता तुमची स्कूटर..."

"तिचं काय, उभी आहे जिन्याखाली. चादर घातली आहे. खराब नाही व्हायची."

"तसं नाही, बाबा. मी तेव्हा जे बोलले ना, ते..."

"बरोबरच बोललीस," त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं नाही. आवाज नेहमीसारखाच होता, चहा चांगला झाला आहे हे सांगतानाचा. "भाव केवढे चढलेत! पेट्रोल उतरलं की येतोच मी."

आजोबांचा आवाज ओळखून ध्रुव तिच्या खांद्यावर चढला. त्याने किल्ली फोनच्या भोकांवर टेकवली आणि जोर लावून फिरवली.

"ढुर्र."

पलीकडे बाबांनी फोन ठेवला नाही.