छाया : केतकी

नवऱ्याच्या पक्ष्यांवरच्या ब्लॉगचं शुद्धलेखन तपासताना सुमेधा पुन्हा त्याच ओळीवर अडली. हळद्याच्या फोटोखाली 'छाया : केतकी'. हा सातवा लेख आणि सातव्यांदा केतकी. आडनावसुद्धा नाही, जशी काही घरचीच!

"कोण हो ही?"

"मी कुठे ओळखतो? वनखात्याच्या साइटवरचे फोटो आहेत. तिथे नाव होतं, ते दिलं."

"असे उचललेले चालतात? उद्या नोटीस आली म्हणजे?"

"सरकारी आहेत गं, कुणीही वापरावेत. बघ हवं तर."

ती हट्टाने बघायला बसली. बंदी सापडली असती, तर सातही केतक्या तिने स्वतःच्या हाताने पुसल्या असत्या. पण नियम सरळ होता : फोटो खुशाल वापरा, खाली फक्त खात्याचं नाव द्या.

हिरमुसून तिने साइटवरचे ते सातही फोटो उघडले. प्रत्येकाखाली 'वन विभाग' एवढंच लिहिलेलं होतं.

केतकी कुठेच नव्हती.